रबरी बेडूक : बाससाठी बनलेला, मरळीला लागू पडलेला

मरळ मासा धरायला आमिष म्हणून हा नकली बेडूक घ्यावा का? आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घ्यावा. फार स्वस्तातला घेऊ नये, आणि आषाढ-श्रावणात डबीतून बाहेर काढू नये.

हा पोकळ रबरी बेडूक मुळात आपल्यासाठी बनलेलाच नाही. तो अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी आहे. माझा भाचा अलाबामात हंट्सव्हिलला नोकरीला असतो. तिथून जवळच टेनेसी नदीवरचा गंटर्सव्हिल जलाशय आहे, काठाकाठाने पाणवनस्पती माजलेला. बासवाल्यांची ती पंढरीच. डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा त्याने असले दोन बेडूक खिशातून काढून माझ्या शिलाई मशीनवर ठेवले आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या मरळीला दाखव हे." हडपसरला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. समोर माप द्यायला उभ्या असलेल्या बाई टेपसकट मागे सरकल्या.

मला गळ धरायला वडिलांनी शिकवलं, भीमेच्या काठी, वेळूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, घेऊन. मरळीला ते जिवंत बेडूक लावायचे. मांडीतून गळ ओवलेला बेडूक तासभर पाण्यावर हातपाय मारत राहायचा. मला ते तेव्हाही बघवायचं नाही. त्यामुळे रबरी बेडकाला माझ्याकडून थोडे मार्क आधीच जास्त पडलेत, हे धरून पुढचं वाचा.

वस्तू अशी आहे. अंगठ्यापेक्षा थोडं जाड, आतून पोकळ, मऊ रबरी अंग. मागच्या बाजूला वजन बसवलेलं, त्यामुळे फेकला की लांब जातो आणि पाण्यात नाक वर करून बसतो. पायांच्या जागी सिलिकॉनच्या दोऱ्यांचे दोन गोंडे. पोटातून निघालेला दुहेरी गळ मागून वर वळून दोन्ही कुशींना चिकटून बसतो, टोकं पाठीकडे. सगळी करामत त्या टोकांची आहे. ती अंगाला चिकटून असतात तोवर बेडूक जलपर्णीवरून, पाणकणसातून, शेवाळाच्या थरावरून खुशाल घसरत येतो, काही म्हणता काही अडकत नाही. माशाने चावलं की पोकळ अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात.

विकत घेताना हीच परीक्षा करायची. दुकानातच चिमटीत धरून दाबा. सहज दबला आणि दोन्ही टोकं बाहेर आली तर घ्या. जोर लावावा लागला तर परत ठेवा, दुकानदार कितीही म्हणो की वापरून वापरून मऊ पडतं. पडत नाही. पेठेतल्या एका दुकानातून मी दोनशेच्या आतला एक आणला होता. त्याचं रबर चपलेच्या पट्ट्यासारखं. मरळ धाडकन यायची, तोंडात घ्यायची आणि तशीच सोडून जायची, कारण गळ तिला कधी लागलाच नाही. शेवटी एक लागली, तर गळाचा एक फाटाच उघडून सरळ झाला. दुकानाचं आणि पाकिटावरचं नाव लिहीत नाही. दोष सगळ्याच स्वस्त मालाचा आहे.

भाच्याने आणलेल्यांचं रबर मऊ, गळ जाड. तिकडे मासाही तसाच लागतो. बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा आहे, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वर. जॉर्ज पेरीने तो १९३२ साली जॉर्जियात पकडला, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. असल्या स्वप्नासाठी घडवलेला गळ आपल्या दीड-दोन किलोच्या मरळीला वाकत नाही.

पण मरळ म्हणजे बास नव्हे, आणि या वस्तूचा खरा तोटा तिथेच आहे. बासचा जबडा डोळ्याच्याही मागे पोचतो. तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट बेडूक आत ओढून घेतो. मरळ झडप घालून चावते. तिचं टाळू हाडाचं आणि दात सुईसारखे. म्हणून हुकण्याचं प्रमाण जास्त, आणि चार-सहा मरळींनंतर रबराला बारीक भोकं पडतात, आत पाणी भरतं, बेडूक बुडायला लागतो. भोकावर फेविक्विकचा थेंब टाकून रात्रभर ठेवला की पुन्हा चालतो, पण पोट फाटलं की गेला. दर दोन-तीन फेकींनंतर चिमटीत दाबून पाणी पिळून काढायची सवयही लावून घ्यावी लागते.

गोंडे आल्या आल्या कापले. कंपनी ते उगाच लांब ठेवते. मी एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर आखूड केली, म्हणजे दोरीला हलका झटका दिला की बेडूक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान टाकतो. हे मात्र कात्री धारदार असेल तरच करा. सिलिकॉन बोथट कात्रीने चघळल्यासारखं होतं.

वापरला तो दौंडच्या बाजूला एका पाझर तलावावर. तिथलं पाणी मच्छीमार सोसायटीकडे आहे. आधी त्यांना विचारून, ते सांगतील ते पैसे देऊन मगच बसते. (पहिल्यांदा गेले तेव्हा, "ताई, मासे धरायचेत का फोटो काढायचेत?" अशी चौकशी झाली. आता होत नाही.) मरळ शोधायला यंत्र लागत नाही. तिला हवेतला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि ती आली की जलपर्णीच्या कडेला "गुपुक" असा आवाज होतो. बेडूक त्या जागेच्या पलीकडे टाकायचा, थेट डोक्यावर नाही. मग ओढत-थांबत आणायचा. थांबण्यातच गंमत आहे. पानाच्या कडेला बेडूक स्थिर झाला की खालचं शेवाळ फुगतं आणि पाणी फुटतं. त्या क्षणी हिसका दिलात तर बेडूक तुमच्याच अंगावर येईल. "एक, दोन" म्हणायचं, दोरीला वजन लागू द्यायचं, मग मनगटातून खेचायचं.

आता आषाढ-श्रावणाचं. भाचा मार्च-एप्रिलमध्ये मला व्हिडिओ पाठवतो. तिकडे वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेलं की बास उथळात येतात. आधी नर. तो शेपटीने तळ झाडून ताटाएवढी, कधी परातीएवढी स्वच्छ जागा करतो. मादी त्याच्याहून मोठी. ती येते, अंडी घालते आणि निघून जाते. राखण नर एकटा करतो, आधी अंड्यांची, नंतर पोहायला लागलेल्या पिल्लांच्या थव्याची. त्या दिवसांत त्याच्या पुढ्यात काहीही टाका, तो अंगावर येतो. भुकेने नाही, हाकलायला. स्वच्छ पाण्यात नर वर्तुळात फिरताना व्हिडिओत दिसतो. भाचा तो पकडतो, मोजतो, लगेच सोडतो, आणि आमचं भांडण तिथे सुरू होतं. नर बोटीत असताना मिनिटाभरात ब्लूगिलसारखे छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात, मग सोडून उपयोग काय, हा माझा मुद्दा. सगळेच सोडतात, तिथे चालतं, हा त्याचा. कॅनडातल्या ऑन्टारिओत मात्र बऱ्याच भागांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत बासचा हंगामच उघडत नाही, हेही त्यानेच सांगितलं. बिचारा प्रामाणिक आहे.

आपल्या मरळीचा वसंत पावसाळ्यात येतो. तलावात नवं पाणी आलं की ती गवतात, पाणवनस्पतींत गोल जागा मोकळी करते. अंडी तळाला नसतात, पाण्यावर तरंगतात. पिल्लं केशरी-लालसर, शेकड्यांनी एका पुंजक्यात. तीही श्वासाला वर येतात, तेव्हा वाऱ्याशिवाय पाण्याचा तेवढाच तुकडा उकळल्यासारखा दिसतो. खाली आई-बाप असतात. अशा ठिकाणी हा बेडूक टाकला तर हुकण्याचा प्रश्नच येत नाही, इतक्या रागाने ती येते. तलावाच्या बांधावर जाळं विणत बसणारे आबा मला एवढंच म्हणाले, "पोरी, ते तांबडं दिसतंय का? तिथं टाकू नगं. लागंल की, दोन्ही लागतील. पण मागं पिल्लांवर चिलापी तुटून पडंल, मग पुढच्या साली काय धरशील, बेडूक?" समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आमच्या तलावावर आबांचं तोंड हाच कायदा.

काहीजण मुद्दाम पिल्लांचे पुंजके शोधत हिंडतात आणि दोन मोठ्या मरळी हातात धरून फोटो टाकतात. तो बेडकाचा गुण नव्हे आणि टाकणाऱ्याचाही नव्हे. त्यावरून या वस्तूचा अंदाज बांधू नका. बेडकाची खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे, पाणी आटत आलेलं आणि मरळ शहाणी झालेली असताना. तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत एखादी लागली तरी मी खूश असते.

सोबत काय लागेल : सात फुटी, जरा ताठ रॉड. लवचिक रॉडने मरळ जलपर्णीतून बाहेर येत नाही. तीस पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, त्याहून कमी नको, आणि चार हजार नंबरचं साधं स्पिनिंग रील पुरतं. बास पकडणारे ज्या आडव्या रीलचा आग्रह धरतात त्याची नवशिक्याने घाई करू नये, दोरीचा गुंता सोडवण्यात सकाळ जाते. रंगांचा फार विचार करू नका. मासा खालून पोट बघतो, पाठीवरची नक्षी गिऱ्हाइकासाठी असते. पांढऱ्या किंवा पिवळट पोटाचा एक आणि गढूळ पाण्याला काळा एक, बस.

चांगला बेडूक इथे चारशेच्या पुढे मिळतो, बाहेरून मागवला तर दुप्पट. उन्हात गाडीत ठेवू नका, रंग सुटून एकमेकांना चिकटतात. आणि पक्कड बरोबर असू द्या, मरळीच्या तोंडात बोट घालून गळ काढायचा नसतो.