घड्याळाचं गॅजेट: पाचपैकी एक तारा, तोही लाल काट्याला

छपाईसाठी निमंत्रणपत्रिका जुळवताना वेळेचं भान राहत नाही, म्हणून दुकानातल्या विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर कुठल्याशा फुकट साइटवरून घड्याळाचं गॅजेट, म्हणजे डेस्कटॉपवर दिसणारा छोटा प्रोग्राम, उतरवलं. दिसायला झकास! पितळी कडा, सेकंदाचा लाल काटा. पण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना एक टिक काढायची राहिली आणि ब्राउझरला टूलबार, म्हणजे वरची जास्तीची पट्टी, चिकटला. गिऱ्हाइकाला मेलवरचा मुंजीच्या पत्रिकेचा नमुना दाखवतोय, तर मध्येच रमीची जाहिरात. ते हसले, मी नाही.

भाच्याने फाइल उघडून दाखवली. गॅजेट म्हणजे नुसतं चित्र नव्हे. आत एचटीएमएल (वेबपानाची भाषा) आणि स्क्रिप्ट (चालणाऱ्या आज्ञा), आणि ती आपल्याच लॉगिनच्या अधिकाराने चालते. मी तर कायम ॲडमिन म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन बसलेला! मायक्रोसॉफ्टनेच जुलै २०१२ मध्ये गॅजेट्स बंद करा म्हणून सांगितलं होतं, विंडोज ८ मधून ती काढूनच टाकली. आम्हाला पत्ता कुठे?

साफसफाईत अख्खा रविवार गेला. आता रोजच्या कामाला साधं खातं, ॲडमिनचा पासवर्ड वहीत आणि वही गल्ल्यात. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहे; पाच मिनिटं पुढे असतं, चालायचंच.