बंद साखर कारखाना, जिनिंग की सूतगिरणी? मराठवाड्यात कॅमेरा घेऊन कुठं जायचं

मराठवाड्यात बंद पडलेल्या कारखान्यांची वानवा नाही. अडतं ते पहिल्यांदा कॅमेरा घेऊन निघताना कुठल्या गेटवर जायचं, इथं. विचार करण्यासारखे पर्याय तीन: बंद सहकारी साखर कारखाना, जुनं जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) आणि सूतगिरणी. एमआयडीसीतले बंद शेड मी धरतच नाही. पत्रा, शटर आणि शटरवर चिकटवलेली बँकेची नोटीस, यापलीकडं तिथं काही हाती लागत नाही.

घाईत असाल तर माझं मत आधीच सांगतो. पहिलीच खेप असेल तर जिनिंगला जा. साखर कारखाना लेखी परवानगी हातात आल्यावर. सूतगिरणी सगळ्यात शेवटी, तीही जुनी असेल तरच.

साखर कारखान्याचा मोह मला कळतो. चिमणी चार-पाच कोसांवरून दिसते आणि एकाच आवारात अख्खं गाव असतं: काटा, ऊस यार्ड, मिल हाऊस, कामगारांची कॉलनी, चेअरमनसाहेबांसाठीचं गेस्ट हाऊस, बंद पेट्रोल पंप. ऊस टाकायच्या ज्या गव्हाणीत वाजतगाजत पहिली मोळी पडायची, तिच्यात आता वेडी बाभूळ माजलेली असते. ऑफिसच्या दारात संगमरवरी पाट्या असतात. भूमिपूजन, बॉयलर अग्निप्रदीपन, विस्तारीकरण, प्रत्येक पाटीवर वेगळे मंत्री आणि खाली संचालक मंडळाची नावं. या पाट्या एका ओळीत घेतल्या तर कारखान्याचं सगळं राजकारण एका फोटोत येतं.

आत मात्र आधी अपेक्षा कमी करून जा. लिलाव झालेला असेल तर मिलचे ऊस पिळणारे रूळ, टर्बाइन, मोटारी गेलेल्या असतात आणि फाउंडेशनचे बोल्ट तेवढे वर आलेले असतात. पॅन हाऊस, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरायची जागा, शिल्लक असेल तर नशीब. त्या उंच पॅनच्या पोटाला काचेची खिडकी असते. पॅनवाला तिथून आत उकळणारा पाक बघायचा आणि नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन दाणा कुठवर आला ते ठरवायचा. त्या काचेवर तपकिरी राब वाळून तडकलेली दिसते. फ्लॅश मारू नका, नुसती चकाकी येईल. टॉर्च बाजूनं, जवळजवळ काचेला टेकवून धरा, म्हणजे तड्यांच्या रेषा उठतात. खालच्या मजल्यावर साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशिनची रांग असते, तिचा फोटो वरच्या कठड्यावरून चांगला येतो.

कठडा जागेवर असेल तर, अर्थात. साखर कारखान्यातला खरा धोका हाच आहे. चालायच्या वाटेवरच्या लोखंडी चेकर्ड प्लेट आणि जाळ्या भंगारात चांगल्या किमतीला जातात, म्हणून चोर आधी त्याच काढतात. वरच्या मजल्यावर एखादी प्लेट गायब असते आणि भोकावर बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ बसून सगळं सपाट दिसतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही मागं सरकायचं नाही. दुसरा धोका मळीच्या टाक्यांचा. तळाशी उरलेली मळी सडून विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी होतो. बाहेरून टाकी कितीही झकास दिसली तरी मॅनहोलमधून डोकंसुद्धा आत घालू नका.

परवानगीचा गुंता वेगळाच. कारखाना अवसायनात (गुंडाळायला काढलेला) असेल तर किल्ली अवसायकाकडं, ते सहकार खात्याचे. कर्जापोटी ताबा घेतला असेल तर बँकेकडं. तसा फलक गेटवर रंगवलेला असतो. भाडेतत्त्वावर दिला असेल तर तिसऱ्याच कंपनीकडं. कुणाला लिहायचं तेच कळत नसेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयात चौकशी करा. कारखाना कुणाच्या ताब्यात आहे हे तिथं कळतं. वेळ जातो, पण कागद खिशात असला की आत निवांत फिरता येतं.

जिनिंगचं गणित सोपं आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि रुळांच्या कडेनं जिनिंग-प्रेसिंग उभी राहत गेली. जालना, सेलू, मानवत, परभणी, नांदेड, स्टेशनजवळच्या जुन्या कापूस बाजारात विचारलं की कुणीतरी बोट दाखवतंच. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, तेव्हा खासगी खरेदीवर चालणारा हा धंदा पार बदलला; पुढं काही जिनिंग नव्या यंत्रांवर गेली, बाकीची कुलपात. जागा बहुतेक एखाद्या कुटुंबाची असते आणि घरातलं कुणीतरी त्याच गावात आडत दुकानात बसलेलं सापडतं. चहा होईपर्यंत परवानगी मिळते. वर आजोबांच्या काळात गाठी कुठं जायच्या तेही ऐकायला मिळतं.

आणि फोटो? मला तरी जिनिंगचेच जास्त आवडतात. इमारत बैठी, दारं समोरासमोर, त्यामुळं सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपं आत येतं. छताच्या कैच्यांवरच्या जळमटांना रुईचे तंतू अजून चिकटलेले असतात. उन्हाच्या विरुद्ध बाजूनं घेतले तर छत पेटल्यासारखं दिसतं. यंत्राच्या जवळ जा. जिनचा रूळ एकसंध नसतो, चामड्याच्या चकत्या एकीला एक दाबून तो बनवलेला असतो. वाळून त्या चकत्यांच्या कडा फाकलेल्या असतात. मोबाइलच्या मॅक्रोवरसुद्धा हे छान येतं. धोके इथंही आहेत, पण ओळखीचे: पारव्यांची विष्ठा (मास्क लावाच), उंचावरचं आग्या मोहोळ, आणि सरकीमागं उंदीर, उंदरांमागं घोणस किंवा नाग. चप्पल घालून कुणी आलं तर त्याला बाहेरच बसवा.

सूतगिरणीबद्दल थोडक्यात. सहकारी सूतगिरण्यांचे अलीकडचे शेड फोटोसाठी नीरस. सुताला आर्द्रता लागते म्हणून हॉल बंदिस्त, खिडक्या नाहीत, मशिनरी गेल्यावर उरतो तो काळोख. जमिनीखाली हवेचे चर असतात आणि त्यांवरच्या जाळ्या बहुधा चोरीला गेलेल्या. जुन्या कापड गिरण्यांचं मात्र वेगळं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि त्यात उत्तरेकडं तोंड केलेल्या काचा, त्यामुळं दिवसभर सावली न पाडणारा मऊ उजेड. पण मराठवाड्यात अशा गिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. औरंगाबादची गिरणी १८८९ ची, नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या नावाची. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात दोन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेल्या. म्हणजे परवानगी केंद्राच्या महामंडळाकडून, आणि तुमच्या मनातली इमारत आज उभी आहे का, हे अर्ज करण्याआधी बघून यायचं.

तिन्हीकडं गेटवर एक वॉचमन भेटतोच. "काय बघायलाव? पेपरवाले हाव का बँकेचे?" हा पहिला प्रश्न. बँकेचे म्हटलं तर राग, पेपरवाले म्हटलं तर थकलेल्या पगाराची कहाणी. खरं सांगा, "मामा, फोटो काढायचा छंद आहे," आणि मालकाचा किंवा साहेबांचा नंबर मागा. दोनशेची नोट देऊन आत शिरायची टूम निघालीय, ती मला पटत नाही. पकडलं गेलं तर तुम्ही घरी जाता, त्याची नोकरी जाते. भिंतीवरून उडी मारणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे: गुन्हेगारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. इमारतीत शिरलात तर कैद वर्षापर्यंत. हेतू वाईट नव्हता हा बचाव आहे, पण भंगारचोरांना वैतागलेल्या ठाण्यात तो सांगत बसावं लागतं. टाइम ऑफिसात मस्टर, पगारपत्रकं, पीएफच्या चिठ्ठ्या पडलेल्या दिसतील. फोटो घ्या, पण नावं वाचता येतील असा नको. त्यातले कितीतरी जण अजून देणी मागत फिरतायत.

सामान फार लागत नाही. साखर कारखान्याला ट्रायपॉड आणि वाइड लेन्स हवीच, जिनिंगला साधी ५० मिमी पुरते. ड्रोन न्यायचा तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर तिथं उडवता येतं का, तो झोन बघा. संभाजीनगर, नांदेड, लातूर तिन्हीकडं विमानतळ आहेत. लातूर-धाराशिव पट्ट्यात जुन्या दगडी भिंतीला टेकून उभं राहू नका, १९९३ च्या भूकंपाचे तडे काही ठिकाणी नुसत्या गिलाव्यानं झाकलेले आहेत.

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीचे निवडा. पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेएवढं असतं आणि मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही. मात्र हाच काळ गाळपाचा, म्हणून साखर कारखाना ठरवलाच असेल तर निघण्याआधी त्या गावात फोन करून विचारा, यंदा बॉयलर पेटलाय का. कारखाने भाड्यानं जातात, बंद म्हणता म्हणता सुरू होतात. मग गेटपासून हायवेपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि गाडी वळवायलाही जागा मिळत नाही.