यूएसबी मीटर: माल ठीकठाक, हिशेब पक्का

चार्जर आणि फोनच्या मध्ये अडकवायचा छोटा मीटर. किती व्होल्ट, किती अँपिअर जातायत ते दाखवतो. थेट चीनमधल्या विक्रेत्याकडून मागवला, डिलिव्हरी फुकट. एवढ्याच वजनाचं पाकीट मी शेजारच्या गावाला पाठवलं तरी याहून जास्त पैसे पडतील.

राखाडी प्लास्टिकचं पाकीट, आत बबल रॅपची गुंडाळी, बस्स. खोका नाही, माहितीपत्रक नाही. माझा मल्टिमीटर ५.०३ व्होल्ट म्हणतो तिथे हा ५.०८ म्हणतो, या किमतीत चालतंय. करंट अगदी कमी असला की आकडा शून्यावरच बसून राहतो. खरी रड पोर्टची. पकड सैल, केबलला जरा धक्का लागला की स्क्रीन विझते.

मग एवढ्यात विक्रेत्याला सुटतं काय? उत्तर पाकिटावरच्या सीएन २२ लेबलापासून सुरू होतं. टपालाने येणाऱ्या छोट्या पाकिटावर लावतात ते कस्टम्सचं लेबल, आणि त्यात खूण ‘गिफ्ट’वर. हा कुठला मामा मला गिफ्टा धाडतोय!

देशोदेशींच्या टपालाचे नियम ठरवणाऱ्या जागतिक टपाल संघात १९६९ पर्यंत परदेशी टपाल वाटण्याचे पैसे कोणी कोणाला देत नसे. पत्राला उत्तर जाणारच, म्हणून फिट्टंफाट. मग ‘टर्मिनल ड्यूज’, म्हणजे पाठवणाऱ्या देशाने वाटणाऱ्या देशाला द्यायचे पैसे, आले, पण विकसनशील देशांना दर कमी, आणि चीन बरीच वर्षं त्याच रांगेत. दोन किलोच्या आतली पाकिटं या सवलतीत निघायची आणि दारोदार वाटायचा बराचसा खर्च घेणाऱ्या देशाच्या टपालखात्याच्या बोकांडी बसायचा. २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडायची नोटीस दिली, तेव्हा कुठे २०१९ ला जिनिव्हात दरांचं गाडं हललं. करमाफीही आटत चालली आहे: युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी जुलै २०२१ पासून काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २०२५ मध्ये बंद केली. धंदा काही थांबला नाही. आता ढीगभर पाकिटं एकगठ्ठा विमानात चढवतात आणि पलीकडे उतरल्यावर तिथल्या कुरिअरला देतात.

पोर्टचा व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवला. लगेच उत्तर: अर्धे पैसे परत, वस्तू ठेवून घ्या, पाच स्टार द्या. उदारपणा वगैरे काही नाही, परत मागवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. शिवाय इतक्या किरकोळ रकमेसाठी भांडत बसणारे थोडेच, त्यांचे पैसे आधीच किमतीत धरलेले असणार.

मी तीन स्टार दिले. घ्यायचा असेल तर एक बघा: यादीत मोठ्या अक्षरात दिसते ती किंमत सिलिकॉनच्या टोपणाची आहे. मीटरच्या पर्यायावर टिचकी मारली की आकडा दुप्पट होतो.