काचेच्या पेटीतला धूर आणि माझे २६,१३९ रुपये

आधी हिशेब मांडतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. सिगारेटचा धूर आणि वास घालवतं म्हणून घेतलेलं यंत्र १८,४९० रुपये. त्यात घालायचं 'नॅनो कार्बन' कार्ट्रिज ३,२००. वर्षभराचा देखभाल करार २,९५०. आणि सगळ्यावर कळस म्हणजे पैसे परत मिळावेत म्हणून भरलेलं 'तपासणी शुल्क' १,४९९. एकूण २६,१३९. एवढ्यात पदरात पडलं काय, तर एक पंखा, एक ट्रान्सफॉर्मर, दोन सुया आणि काळा रंगवलेला स्पंज.

'मुळात घरात सिगारेट ओढताच कशाला?' हे प्रवचन माझं ऐकून झालंय, घरच्यांकडूनही आणि पोलिसांकडूनही. मी रात्रपाळीचं काम घरून करतो, दार लावून माझ्या खोलीत ओढायचो. वास बाहेर येतो, पडद्यांना बसतो, मुलीच्या दप्तरापर्यंत पोचतो, हे मलाही कळत होतं. म्हणूनच तर उपाय शोधत होतो. ज्याला फिकीर नसते तो असली यंत्रं विकत घेत नाही. या धंद्याचं गिऱ्हाईक म्हणजे घरच्यांसमोर लाज वाटणारा माणूस, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाहिरात, मग फोन, मग 'आज बुक केलंत तर' वगैरे. तो भाग सगळ्यांना माहीत आहे, सांगत बसत नाही. डेमोला माणूस घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, हातात दोन बॅगा. एकीतून काचेची पेटी निघाली. त्याने माझ्याकडचीच सिगारेट मागून घेतली, पेटवली, पेटीत ठेवून झाकण लावलं. आत काही दिसेनासं झाल्यावर बटण दाबलं. काही सेकंदांत पेटी स्वच्छ, आरपार दिसायला लागली. 'सर, बघा. कुठे गेला धूर?'

बायको म्हणाली, पुन्हा एकदा दाखवा. तेव्हा त्याने बॅगेतून एक फडकं काढलं आणि पेटीच्या काचा आतून पुसून घेतल्या. नीट, चारही कोपऱ्यांत बोट घालून. ते फडकं मला अजून दिसतं. मधोमध पिवळट तपकिरी झालेलं, माझ्या खोलीतल्या ट्यूबलाइटमागच्या भिंतीसारखं. बायकोने विचारलंसुद्धा, पुसताय कशाला? 'काच साफ असली की नीट दिसतं, वहिनी.' आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या! अरे, पेटीत धूर सोडून काही घातलंच नव्हतं. मग पुसायला काचेवर आलं काय?

आलं ते धुराचंच होतं. यंत्रातल्या सुयांवर उच्च दाबाची वीज असते. ती धुराच्या कणांवर विद्युतभार चढवते आणि असा कण जवळच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतो. पेटीत तो काचेला चिकटतो. खोलीत भिंतीला, पडद्याला, उशीला, तुमच्या सदऱ्याला. धूर नाहीसा झालाच नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. शिवाय वास काही नुसत्या कणांचा नसतो. निकोटिनची वाफ, अमोनिया, पिरिडीन, फिनॉल असे वायुरूपातले पदार्थ त्यात असतात आणि त्यांना या सुया हातही लावत नाहीत. माझी तक्रार नाकाची होती, त्याने समाधान केलं डोळ्यांचं. सगळी लबाडी एवढीच. पण समोर धूर गायब होताना बघून हे सुचायला रसायनशास्त्राचा मास्तर हवा. मी हिशेबनीस आहे.

तर पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: डेमो मागायचाच तर वासाचा मागा. धुरात ठेवलेला टॉवेल त्या पेटीत घालायचा, यंत्र रात्रभर चालू ठेवायला सांगायचं आणि सकाळी तो टॉवेल सिगारेट न ओढणाऱ्या माणसाने हुंगायचा. स्वतः हुंगू नका. रोज ओढणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं.

यंत्र लावल्यावर खोलीत वेगळाच तिखट वास यायला लागला. जुन्या झेरॉक्स मशीनपाशी येतो तसा. फोनवर विचारलं तर म्हणे, 'सर, तोच तर ताजेपणा, धबधब्याजवळ असतो ना, तसा!' तो ओझोन होता, सुयांवरच्या विजेने हवेतल्या ऑक्सिजनपासून बनणारा वायू. घसा खवखवायला लागला, मुलीचा खोकला वाढला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ लिहून ठेवलंय की आरोग्याला चालेल इतक्या प्रमाणात ओझोन सोडला तर तो घरातलं प्रदूषण फारसं काढू शकत नाही. म्हणजे काम करायला हवा तेवढा सोडला तर फुप्फुसांना अपाय, आणि अपाय होणार नाही इतका सोडला तर काम नाही. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धी यंत्रांना ०.०५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) ओझोनची मर्यादा आहे. वर भिंतींवर बसलेल्या निकोटिनशी ओझोनची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. विकणाऱ्याला लेखी विचारा, ओझोन किती सोडतं? आकडा देत नसेल तर दाराबाहेर काढा.

सगळ्यात जास्त चीड कशाची, तर त्यांच्या पत्रकातलं एक वाक्य: 'घरातल्या लहान मुलांना धुराचा त्रास शून्य.' वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही, आणि इथे तर वासही गेला नव्हता. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात, त्यातली कित्येक कर्करोग घडवणारी. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २००६च्या अहवालात सरळ म्हटलंय की वायुवीजन किंवा हवा गाळून दुसऱ्याच्या धुराचा धोका संपत नाही. हे पत्रक छापणाऱ्याला ते माहीत नसेल? मला तर वाटतं, माहीत होतं म्हणूनच ते वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं.

आता ते ३,२०० रुपयांचं कार्ट्रिज. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने यंत्र उघडलं आणि तो हसायलाच लागला. करंगळीएवढ्या जाडीचा काळा स्पंज. खिडकीसमोर धरला तर पलीकडचं झाड दिसत होतं. वायू शोषायला सक्रिय कार्बन लागतो हे खरंच आहे, पण तो दाणेदार, भरपूर, वजनात जाणवेल इतका लागतो. पातळ थर लवकरच भरून जातो आणि मग काहीच शोषत नाही. म्हणून 'कार्बन आहे का' असं विचारू नका, 'कार्बन किती किलो' असं विचारा. आणि 'हेपा-टाइप' या शब्दावर भाळू नका. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो अस्सल असला तरी वायू त्यातून आरामात निघून जातात.

पैसे परत मागायला सुरुवात केली आणि खरा तमाशा सुरू झाला. कंपनीच्या फोनवरची बाई विचारते, 'सर, धूर दिसतो का?' दिसत नाही. 'मग यंत्र चालू आहे, सर.' तक्रार संपली! पुन्हा फोन केला तर 'परतावा विभागा'तून एक लिंक आली, १,४९९ भरा, माणूस तपासणीला येईल. मी भरले. १८,४९० अडकलेला माणूस १,४९९ भरतोच, त्यात कुणी मला शहाणपण शिकवू नये. माणूस आला नाही, नंबर बंद.

बँकेत गेलो. ओटीपी तुम्हीच दिलात ना, मग व्यवहार अधिकृत. पुढचा टोकन नंबर.

ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोचपावती आली, आशा वाटली. मग संदेश: 'कंपनीने उत्तर दिले आहे, तक्रार निकाली.' कंपनीचं उत्तर काय, तर ग्राहकाने यंत्र चुकीच्या पद्धतीने वापरलं. हे खरं की खोटं ते कुणी तपासायचं? कुणीच नाही. उत्तर आलं एवढं पुरे. चोराने 'मी चोरी केली नाही' असं लिहून दिलं की फाइल बंद! पुन्हा उघडा म्हटलं तर नवी तक्रार करा, नवी केली तर 'या विषयाची तक्रार आधी निकाली निघाली आहे.'

पोलिसांचं त्याहून भारी. साहेबांनी यंत्राचा फोटो बघितला, बिल बघितलं. 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.' १,४९९च्या लिंकचं काय? ते सायबरवाल्यांकडे. सायबरवाले म्हणाले, मूळ व्यवहार घरी झाला, चौकीत जा. चौकीत दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, 'सिगारेट सोडा ना, सगळंच वाचेल.' बाकीचे हसले. २६,१३९ रुपये गेलेल्या माणसावर सरकारी खुर्चीत बसून हसायचं, आणि तक्रार अर्जावर शिक्का मागितला तर 'शिक्का आज नाही.'

डेमोचं चित्रीकरण करा, मोबाइल समोर धरून. नको म्हणाला तर तिथेच व्यवहार संपवा. देखभाल करार यंत्राबरोबर कधीच घेऊ नका. परताव्यासाठी पैसे भरायला सांगणारा माणूस दुसरा चोर असतो, बहुतेक पहिल्याच्याच ओळखीचा.

वासाचं म्हणाल तर जे काही थोडंफार कामी आलं ते जवळपास फुकटातलं निघालं. थोटकं ॲशट्रेमध्ये रात्रभर ठेवायची नाहीत, पाणी घालून लगेच घराबाहेर. पडदे आणि चादरी वरचेवर धुवायच्या. भिंती साबणाच्या पाण्याने पुसल्या तेव्हा बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. भिंतींना नवा रंग द्यायचा असेल तर आधी डाग दाबणारा प्रायमर मारा, नाहीतर पिवळे डाग नव्या रंगातून वर येतात. एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकणारा हवा, आणि दाराखालून ताजी हवा आत यायला फट हवी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याच्या भरवशावर राहू नका. उदबत्ती म्हणजे धुरात आणखी धूर. आणि यातलं काहीही केलं तरी मुलीच्या खोकल्याचं उत्तर एकच आहे, तिच्या घरात ओढायचं नाही. सध्या जिना उतरून खाली जातो. त्या काळ्या स्पंजाला मात्र याचं श्रेय देणार नाही.

आता वकिलाने बिल तपासलं, तर त्यावरचा कर नोंदणी क्रमांक भलत्याच कुठल्यातरी धंद्याचा निघाला. ज्यांच्याकडे असलं यंत्र आलंय त्यांनी खोका, बिल आणि पैसे भरल्याचा संदेश जपून ठेवावा आणि तो क्रमांक आजच पडताळून बघावा. मी तो अर्जाला जोडून पुन्हा चौकीत दिलाय. या वेळी शिक्का घेऊनच उठलो.