मुरगळा, मुका मार, चटका: चिनी औषधांतलं काय कधी लावायचं

पाय मुरगळला, दारात बोट चेमटलं, गरम तव्याचा चटका बसला, अशा किरकोळ दुखण्यांवर बाहेरून लावायची चिनी औषधं आता चीनबाहेरही सहज मिळतात. बाटल्या सारख्याच दिसतात, वासही सारखाच कापूर-मेंथॉलचा, त्यामुळे ‘कोणतंही लावा’ असा समज होतो. घोळ तिथेच सुरू होतो. मार लागून किती वेळ झाला, हे आधी बघायचं.

पहिले ४८ तास भाग लाल, गरम आणि सुजत जाणारा असतो. त्याला गारवा लागतो. सूज थांबली, काळंनिळं हिरवट-पिवळं व्हायला लागलं आणि भाग आखडला, की उष्ण, चोळायची औषधं. मुक्या मारावर उपचार करणारे दक्षिण चीनमधले वैद्य हा भेद काटेकोर पाळतात. ‘तेल चोळलं आणि घोटा दुप्पट सुजला’ ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी उष्ण तेल रगडल्याची असते. फुटलेल्या केशवाहिन्या अजून बंद झालेल्या नसतात. त्यांवर उष्णता आणि दाब आला, की आतला रक्तस्राव वाढतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुखऱ्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर, मागच्या कडेला किंवा टोकाला, बोट दाबल्यावर नेमकं हाड दुखत असेल, तर आधी एक्स-रे. यांतलं कुठलंही औषध हाड जोडत नाही. वेदना कमी वाटायला लावतं, आणि मोडलेल्या हाडावर तेच घातक ठरतं.

युन्नान बायाओचा फवारा. पहिल्या दिवसासाठी आमची पहिली पसंती याला. मूळ पूड युन्नान प्रांतात १९०२ मध्ये छ्यू ह्वानझांग यांनी तयार केली. तिचं पूर्ण सूत्र चीनमध्ये सरकारी गुपित आहे, पण सान-ची हे मूळ तिचा प्रमुख घटक मानलं जातं. फवाऱ्याच्या जोडसंचात लाल आणि पांढरा असे दोन डबे येतात. जोरात मार लागून ठणका असेल तेव्हा आधी लाल. त्वचेपासून ५ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवून ३ ते ५ सेकंदच मारायचा. मिनिट-दोन मिनिटांनी ठणका राहिलाच तर पुन्हा, पण लाल डबा दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा नाही. तीन मिनिटं थांबून मग पांढरा, आणि तो दिवसातून ३ ते ५ वेळा चालतो. हौशी खेळाडू डबा त्वचेला टेकवून दहा-दहा सेकंद मारतात, तेव्हा द्रवरूप वायूने त्वचा गोठते आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड दिसतो. खरचटलेल्या जागेवर, डोळ्यांजवळ किंवा ओठांवर मारू नये. डबे दाबाखालचे आणि ज्वालाग्राही असल्याने गॅसजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचे नाहीत.

याच नावाची पूड ४ ग्रॅमच्या कुपीत येते. लहान कापलं तर ती उपयोगी आहे, मात्र जखम आधी वाहत्या पाण्याखाली नीट धुतली पाहिजे. पूड रक्तात मिसळून लगेच खपली धरते, आणि आत माती राहिली तर ती त्या खपलीखाली कोंडते. मग दोन-तीन दिवसांनी पू. कुपीच्या तोंडाशी एक छोटी लाल गोळी असते. ती पोटात घ्यायची आहे, जखमेसाठी नाही, आणि वैद्याच्या सांगण्याशिवाय तिला हात लावू नये. या औषधात वत्सनाभ (बचनाग) या विषारी वनस्पतीच्या वर्गातलं मूळ असतं. त्याचे विषारी अंश वेष्टनावर जाहीर न करता आढळल्यामुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य विभागाच्या सूचनेवरून या नावाची काही उत्पादनं परत मागवली गेली. प्रक्रिया केलेलं मूळ त्यात आहे, असा उल्लेख आता वेष्टनावर येतो. पाकीट जुनं असेल तर घेऊ नका.

तीन पिवळ्यांची पूड. दुकानदार तिला सान हुआंग सान म्हणतात. रेवंदचिनी, ह्वांग-छिन (एक मूळ) आणि ह्वांग-बाई (एका झाडाची साल) यांची समभाग बारीक पूड. सुजलेल्या घोट्याला साधारण ३० ग्रॅम लागते. गार, कडक चहात कालवून इडलीच्या पिठाइतकी दाट करायची, गॉझवर ३ मिलिमीटर थर द्यायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि ४ ते ६ तासांनी काढायचं. लेप सुकू दिला, की गारवा संपतो आणि कातडी ओढली जाते. चूक बहुतेक इथेच होते. अंड्याच्या पांढऱ्यात कालवायची पद्धतही आहे, पण त्वचा जराही सोललेली असेल तर कच्चं अंडं नको. काही दुकानदार यात गार्डेनियाची फळं, म्हणजे झि-त्सि, घालतात. लेप काढल्यावर त्वचा चक्क निळी-काळी दिसते आणि माणूस हादरतो. मार वाढलेला नसतो. फळातल्या द्रव्याचा त्वचेतल्या प्रथिनांशी संयोग होऊन तो रंग येतो. साबणाने जात नाही, वरची कातडी झडते तसा आपोआप फिका होतो. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा हा पर्याय, याचं वाईट वाटतं.

झेंग गू शुई. ग्वांगशी स्वायत्त प्रदेशातल्या युलिनचं हे तपकिरी पाणी, कापूर, मेंथॉल आणि निम्म्याहून जास्त अल्कोहोल असलेलं. तिसऱ्या दिवसापासून याचा नंबर. हलकं दुखत असेल तर बोळ्याने नुसतं लावा. जास्त असेल तर कापूस भिजवून तासभर ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. वरून प्लास्टिक किंवा घट्ट क्रेप पट्टी नको, शेकाची पिशवी तर नकोच. कोंडलेला मेंथॉल आणि उष्णता एकत्र आले की रासायनिक भाजणं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सांधे-स्नायूंच्या लेपांबद्दल हाच इशारा दिला होता. गंभीर भाजण्याच्या बहुतेक नोंदींत मेंथॉल ३ टक्क्यांवर होतं, एकटं किंवा १० टक्क्यांवरच्या मिथाइल सॅलिसिलेटसोबत (हे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं वेदनाशामक). कपड्यांवर डाग पडतो, म्हणून जुनी चादर अंथरा.

लाल फुलाचं तेल (होंग हुआ यू). याबद्दल मत थोडं कडक आहे. पाठ आखडली, जुना मुरगळा बोलतोय, तिथे चार-पाच थेंब चोळून चांगला आराम पडतो. पण अनेक बाटल्यांत मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट असतं, काहींत निम्म्याहून अधिक. शुद्ध मिथाइल सॅलिसिलेटचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतका असतो. लहान मूल प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हे तेल टाळावं, त्वचेतून शोषलं जाऊनही रक्त जास्त पातळ होतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हातच लावू नये.

दीत दा जाओ, म्हणजे मुक्या मारासाठी मुरवलेली दारू. घरी करणारे बरेच असतात. साधारण १०० ग्रॅम भरड औषधांना १ लिटर, ५० टक्के अल्कोहोल, काचेची बरणी, अंधार, किमान सहा आठवडे, अधूनमधून हलवणं. यात धूप आणि बोळ या राळा असतात. हलकी दारू वापरली तर त्या विरघळत नाहीत, तळाशी चिकट गोळा होऊन बसतात आणि वर नुसतं रंगीत पाणी उरतं. कच्चा वत्सनाभ घातलेले नुस्खे सर्रास सांगितले जातात. ते घरी करू नका. बरणी दारूसारखीच दिसते आणि कुणी घोटभर प्यायलं, तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. तयार बाटली घेतली तरी ‘फक्त बाहेरून’ अशी मोठी चिठ्ठी हवी.

जिंग वान होंग. त्यान्जिनचं लालसर मलम, छोट्या चटक्यासाठी. आधी २० मिनिटं वाहतं थंड पाणी, मग मलम. गरम असतानाच तेलकट मलम लावलं तर उष्णता आत अडकते. फोड फोडायचा नाही. मलम गॉझवर पसरून हलकं बांधायचं आणि रोज एकदा बदलायचं. बदलताना जुना थर सलाइनने पूर्ण पुसून खालची कातडी बघा, कारण मलमाच्या लाल रंगात संसर्गाची लाली लपते. पोळलेला भाग तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर वा सांध्यावर असेल, तर थेट दवाखाना. मलम तिळाच्या तेलात केलेलं असतं, त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असल्यास नको.

काळ्या औषधी चिकटपट्ट्या अजूनही मिळतात. तेलात औषधं तळून शिशाचं ऑक्साइड घालतात, थेंब पाण्यात टाकल्यावर मणी झाला की पट्टीचं मिश्रण तयार, आणि दाह कमी व्हावा म्हणून ते काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. शिसं असल्याने फुटलेल्या त्वचेवर आणि मुलांना या पट्ट्या आम्ही सुचवत नाही. रबरी पट्टी बरी. वेष्टनावर २४ तास लिहिलं असलं तरी नाजूक त्वचेवर ६ ते ८ तास पुरेत, आणि काढताना कोमट पाण्याने भिजवा.

खरेदी करताना डब्याची मागची बाजू वाचा. चीनमध्ये मंजूर पारंपरिक औषधावर चार चिनी अक्षरं, मग इंग्रजी झेड आणि आठ आकडे असा क्रमांक असतो. हाँगकाँगच्या नोंदणीकृत औषधावर ‘एचकेसी’ने सुरू होणारा. ‘जंतुनाशक’ या वर्गातली मलमं औषध म्हणून विकली जातात तिथे जपून. २०२१ मध्ये फूच्येन प्रांतातल्या अशाच एका बाळांच्या मलमात क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड सापडलं होतं. खाजेवर किंवा पुरळावर एका रात्रीत जादू करणारं हर्बल मलम मिळालं, तर आधी त्याची तपासणी करून घ्या.