परदेशात मुलांची शाळा: स्थानिक, इंटरनॅशनल की मायदेशी बोर्डाची?

नोकरीसाठी परदेशी जायचं ठरलं की आपण आधी घर शोधतो आणि मग त्या घराजवळची शाळा. क्रम उलटा हवा. आणि शाळा शोधण्याआधीही दोन आकडे कागदावर लिहून काढा: मुलाचं वय किती, आणि तिथे नक्की किती वर्षं राहणार. माझी सगळी तुलना या दोन आकड्यांवर उभी आहे.

मूल दहाच्या आतलं असेल आणि मुक्काम चार-पाच वर्षांचा असेल, तर माझं मत स्थानिक सरकारी शाळेकडे झुकतं. अनेक देशांत ती मोफत असते, मित्र शेजारच्याच गल्लीत राहतात, आणि मूल त्या देशात पाहुण्यासारखं राहत नाही. अडचण भाषेची. ‘मुलं काय, सहा महिन्यांत बोलायला लागतात’ हे वाक्य तुम्हाला सगळे ऐकवतील. पण भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलेला फरक पालकांनी समजून घ्यायलाच हवा: खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, इतिहासाचा धडा समजून त्यावर उत्तर लिहिण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे मैदानावर घडाघडा बोलणारं मूल वर्गात मागे पडलं, तर ते आळशी नसतं. नवख्या मुलांसाठी भाषेचा तयारी वर्ग आहे का, किती महिने चालतो, हे शाळेला पहिल्याच भेटीत विचारा.

शिवाय त्या देशात मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी कधी होते तेही बघा. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच पुढच्या शाळेचा प्रकार ठरतो. नऊ वर्षांचं मूल तिथे नेलंत, तर जेमतेम वर्षभराच्या जर्मनवर हा निर्णय होऊ शकतो. इंग्लंडमध्ये मुलं चार-पाचव्या वर्षी शाळेत जातात, फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी सुरू होते. त्यामुळे नव्या शाळेने एखादी इयत्ता खाली-वर केली, तर तो कमीपणा मानू नका.

मूल चौदाच्या पुढचं असेल किंवा दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली असेल, तर मात्र इंटरनॅशनल शाळेचा खर्च सार्थ वाटतो. तिथे पैसे जातात ते सातत्यासाठी: एका देशात सोडलेला अभ्यासक्रम दुसऱ्या देशात पुढे नेता येतो. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या संस्थेचा बारावीच्या तोडीचा डिप्लोमा दोन वर्षांचा, सहा विषयांचा, वर चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश धर्तीची दहावीच्या तोडीची परीक्षा, तिचा अभ्यासक्रमसुद्धा साधारण चौदा ते सोळा या वयात दोन वर्षं चालतो. या दोन्हींच्या अधेमधे मुलाला हलवू नका. बदलीची तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकला, पण मुलाची दोन वर्षं मोडू नका.

एक सावधगिरी. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द कुठलीही शाळा पाटीवर लिहू शकते. आयबीची मान्यता मिळालेली शाळा आणि अजून ‘कँडिडेट’, म्हणजे मान्यतेच्या प्रक्रियेत, असलेली शाळा यांत मोठा फरक आहे, कारण कँडिडेट शाळेला मान्यता मिळेलच याची हमी नसते. कंपनी फी भरणार असेल तर करारात नेमकं काय लिहिलंय ते वाचा: प्रवेश शुल्क, बस, भाषेची जादा शिकवणी त्यात धरली आहे का? आणि नोकरी मध्येच सुटली तर वर्षाची उरलेली फी कोण भरणार?

मायदेशी बोर्डाची शाळा, म्हणजे परदेशातली सीबीएसईची शाळा किंवा फ्रेंच कुटुंबांसाठी लिसे (फ्रान्सच्या अभ्यासक्रमाची शाळा), वर्ष-दोन वर्षांत नक्की परतणाऱ्यांना सोयीची. पुस्तकं ओळखीची, परतल्यावर प्रवेश सोपा. मुक्काम लांबला तर मात्र मूल त्या देशात राहूनही त्या देशाबाहेरच वाढतं, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

मातृभाषेचं मात्र तिन्ही ठिकाणी विचारा. आयबी डिप्लोमात शाळेच्या मदतीने मातृभाषेतलं साहित्य स्वयंअध्ययनाने घेण्याची सोय आहे. कित्येक पालकांना ती माहीतच नसते.

आणि घरात सहा वर्षांची मुलगी नि पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर? दोघांना एकाच शाळेत घालण्याचा मोह आवरा. धाकटीला स्थानिक शाळा, थोरल्याला सुरू असलेला अभ्यासक्रम. सकाळी दोन दिशांना धावपळ होईल. म्हणूनच घर शेवटी शोधायचं, दोन्ही शाळांच्या मधलं.