घरी बनवलेल्या प्रेसवर गिअरबॉक्सचा शाफ्ट उकलताना: आठ महिन्यांचा अनुभव

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना आमच्या जुन्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पाच गिअरच्या गाडीचा दुसरा गिअर कर्कश आवाज करूनच पडत असे. क्लच तपासून झाला, गिअर ऑइल बदलून झाले, तरी फरक पडला नाही. दोष सिंक्रो रिंगचा, म्हणजे गिअर पडताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्याचा असावा, हे त्यानंतर जवळजवळ निश्चित झाले. अशा गिअरबॉक्समध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचा हब (शाफ्टला जखडलेला मधला भाग, ज्यावर गिअर गुंतवणारी स्लीव्ह सरकते) बहुधा आउटपुट शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे फिरणे पोहोचवणाऱ्या दांड्यावर असतो, आणि तिथपर्यंत पोहोचायचे तर शेवटचे बेअरिंग, मग चौथा आणि तिसरा गिअर काढावा लागतो. हे दोन्ही गिअर शाफ्टवर दाबून बसवलेले असल्यामुळे हाताने हलत नाहीत.

सुरुवातीला मी दोन पायांचा पुलर, म्हणजे भाग ओढून काढणारे अवजार, पट्ट्या कापून तयार केला. जोर येताच त्याचे पाय वाकले आणि गिअरच्या दातांवर घसरले. तो प्रयोग तिथेच थांबवून १०० मिलिमीटरचे चॅनल भंगारातून आणले, चौकट वेल्ड करून घेतली आणि तिच्यात दहा टनी बॉटल जॅक बसवला; हीच माझी प्रेस. हा जॅक उलटा धरल्यास तेलाऐवजी हवा ओढतो. त्यामुळे तो सरकत्या आडव्या पट्टीवर सरळ उभा केला आहे. जॅक वरच्या चॅनलला रेटा देतो आणि पट्टी खाली दाबली जाते. पट्टी परत वर यावी म्हणून मोटारसायकलच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा लावल्या.

खरे काम मात्र जॅक करत नाही, आधाराच्या पाट्या करतात. १६ मिलिमीटर जाडीच्या दोन पाट्यांना अर्धगोल खाचा पाडून त्या गिअरच्या खाली, मध्याच्या शक्य तितक्या जवळ भिडवाव्या लागतात. आधार कडेच्या दातांवर गेला तर दात तुटण्याचा धोका असतो. खाचा पाडून देणाऱ्या लेथवरच्या मेस्त्रींनी त्या दिवशी सांगितले होते, "दाब द्यायच्या आधी वजन कुठं बसतंय ते बघा, मगच पंप हलवा." तेव्हापासून प्रत्येक वेळी मी बॅटरीच्या उजेडात पाटी आणि गिअर यांच्यामधली फट पाहूनच हँडलला हात घालतो. पकड सुटते तेव्हा मोठा आवाज होतो आणि शाफ्ट सरळ खाली येतो, म्हणून खाली गोणपाटाची जाड घडी, डोळ्यांवर चष्मा आणि समोर प्लायवूडचा तुकडा असतोच.

काढलेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने बाइंडिंग वायरमध्ये ओवला. हबवर खुणा करून घेतल्या, कारण तो उलटा बसला तर स्लीव्ह नीट सरकत नाही. हब कापडात गुंडाळूनच उघडावा, नाहीतर आतल्या तीन चाव्या (धातूचे छोटे तुकडे) आणि स्प्रिंगा उडून जातात. सर्क्लिपसाठी, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगदार कड्यासाठी, मात्र जुगाड करू नये, त्याची पक्कड विकतच घ्यावी. जुनी रिंग गिअरच्या निमुळत्या कोनावर दाबून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, तेव्हा रिंग आणि गिअर यांच्या दातांमधले अंतर अर्धा मिलिमीटरही भरले नाही, म्हणजे रिंग झिजलेली होती. नव्या रिंगेत ते १ मिलिमीटरहून थोडे अधिक आले.

जोडणीच्या बाबतीत ही चौकट मला तितकीशी समाधानकारक वाटत नाही, कारण सरकती पट्टी किंचित तिरपी होते. त्यावर उपाय म्हणून नवे बेअरिंग तारेने लटकवून, भांड्याच्या तळाला लागू न देता, ८० ते ९० अंश तापलेल्या तेलात ठेवले आणि शाफ्ट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. मग आतल्या कड्यावरच टेकणाऱ्या पाइपने हलक्या दाबात बेअरिंग बसले. बाहेरच्या कड्यावर दाब दिला असता तर गोळ्यांचे वळ त्या फिरतात त्या खाचेवर उमटले असते आणि नवे बेअरिंग वाया गेले असते.

दिवाळीनंतर गाडी जोडली, आता आषाढ चालू आहे. पितळी रिंगांना मानवणारे जीएल-४ प्रतीचे ऑइल भरले आहे. दुसरा गिअर घाटात, थंड इंजिनावर आणि भरलेल्या गाडीतही विनातक्रार पडतो. दरम्यान याच चौकटीवर दोन चाकांची बेअरिंगे आणि सस्पेन्शनचे बुश काढले, त्या वेळी वरचे चॅनल मधोमध वाकू लागल्याचे दिसले, म्हणून त्याच्या पाठीला दुसरे चॅनल जोडून घेतले. सध्या जॅकच्या दट्ट्याभोवती तेल पाझरते आहे; नवे सील बसेपर्यंत या प्रेसवर शाफ्ट चढवणार नाही.